उलटं लागलेलं टोक

त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या विजेला धाप लागली होती. दिवा लावला तर काचेच्या आतली तार नुसती लाल व्हायची, पंखा लावला तर त्याची पाती मोजता यायची. माणसांचं त्यात फारसं बिघडलं नाही, ती अंगणात येऊन बसली. मोटारींना कुठलं आलंय अंगण! अर्ध्या जोराच्या विजेवर पूर्ण पाणी उपसायला गेल्या आणि एकामागून एक जळाल्या. जळलेल्या मोटारीचा वास कपड्याला लागला की दोन धुण्यांत जात नाही.

मोटार जळली म्हणून कोणी टाकून देत नाही. आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसायची आणि तिच्या जागी तितक्याच जाडीची, तितक्याच फेऱ्यांची नवी तार भरायची. आसपासच्या सात-आठ गावांत हे काम करणारा एकच माणूस होता, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्याच्या बायकोला गावात मिस्त्रीण म्हणत आणि शाळेत बाई. दोन्ही हाकांना ती ओ द्यायची, पण बाई म्हटलं की तिची मान जरा वर व्हायची.

शाळेत ती हंगामी होती. तिसरीच्या बाई बाळंतपणाला गेल्या आणि तिकडूनच बदली करून घेऊन मोकळ्या झाल्या. मिस्त्रिणीने लग्नाआधी शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला होता. ते प्रमाणपत्र अकरा वर्षं ट्रंकेच्या तळाशी कागदात गुंडाळून पडलं होतं. हेडसरांनी बोलावलं तेव्हा तिने ते काढलं, झटकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत हजर झाली. तीन महिने झाले होते. आता जिल्ह्याचे साहेब येऊन तिचा एक पाठ बघणार होते. पाठ पसंत पडला तर ती कायम होणार होती.

"विषय तुम्ही निवडा," हेडसर म्हणाले होते.

"वीज आणि चुंबक," ती लगेच म्हणाली.

हेडसर हसले. "मिस्त्रीणबाई, ते तर तुमच्या घरचंच!"

पाठ शुक्रवारी होता. मंगळवारी सकाळी गावच्या पाण्याची मोटार जळली.

ती मोटार बैलगाडीतून मिस्त्रीच्या अंगणात आली. गाडीबरोबर पाणीसमितीचे अध्यक्ष आणि बादली होता. बादली म्हणजे पंपघराचं बटण दाबणारा माणूस. लहानपणी विहिरीत बादली पाडली ती पाडली, पन्नाशीला आला तरी नाव सुटलं नाही. चौघांनी मोटार उतरवली. अंगणात आधीच तीन मोटारी पडल्या होत्या.

"मिस्त्री, बाकीचं सगळं बाजूला ठेवा," अध्यक्ष म्हणाले. "टाकीत दोन दिवसांचं पाणी आहे. बायका आत्तापासूनच माझ्या नावाने बोटं मोडतायत."

मिस्त्री मोटारीजवळ उकिडवा बसला. त्याने झाकणाच्या फटीला नाक लावलं, मग कडेवरून बोटं फिरवली. "पार खाक झालीय. शुक्रवार उजाडेल."

"शुक्रवारी पाणी चढलंच पाहिजे. मोटारीला लागणारी तीन फेजची वीज अकरा वाजता येते, एकला जाते. तेवढ्यात चढलं नाही तर पुन्हा शनिवारवर गेलं."

"चढेल."

अध्यक्ष निघाले. जाताना त्यांनी हातातली चिठ्ठी पुढे केली. "जुन्या नोंदीतले फेरे उतरवून आणलेत, बघा बरं बरोबर आहेत का."

मिस्त्रीने चिठ्ठी घेतली, तिच्याकडे एकवार बघितलं आणि घडी करून खिशात ठेवली. "बरोबर आहेत."

चिठ्ठी उलटी धरली होती. ते फक्त दारातून बघणाऱ्या मिस्त्रिणीला दिसलं.

त्याच्या डोळ्यांतला पडदा मधोमध खराब झाला होता. मोठ्या दवाखान्यात दोनदा जाऊन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा. कडेचं त्याला सगळं दिसायचं. म्हणून तो गावातून सरळ चालायचा, खड्डा चुकवायचा, कुत्र्याला हाड म्हणायचा, आणि कुणाला काही कळायचं नाही. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसायचं नाही. माणसाच्या तोंडाकडे बघितलं की तोंडाच्या जागी करडा डाग. तारेकडे बघितलं की तार गायब. माणूस ओळखायचा तर त्याच्या कानाबाहेर कुठेतरी नजर लावावी लागायची. लोकांना वाटायचं, मिस्त्रीला हल्ली शिष्टपणा आलाय.

दीड वर्षं नवरा-बायकोने हे झाकून ठेवलं होतं. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात मोटार कोण देईल? तारेची जाडी तो अंगठा आणि बोट यांत धरून सांगायचा, ते कधी चुकलं नाही. फर्म्यावर, म्हणजे लाकडी साच्यावर, तार गुंडाळताना फेरे मनात मोजायचा, तेही नाही. पण गुंडाळी मोटारीच्या खाचेत बसवणं, कागद घालणं, तार बाहेर येऊ नये म्हणून वरून बांबूची चीप सारणं, हे सगळं मिस्त्रिणीचे हात करत. दार लावून. कोणी आलं की ती हात पुसून चहाला उठायची आणि तो तिच्या जागेवर सरकायचा.

सगळ्यात अवघड भाग शेवटचा. गुंडाळ्या बसल्या की प्रत्येक गटाची दोन टोकं बाहेर राहतात, एक सुरुवातीचं आणि एक शेवटचं. सहा गट, बारा टोकं. कोणतं कोणाला जोडायचं ते ठरलेलं असतं. त्यातलं एक जरी उलटं लागलं तर मोटार गुरगुरते, हादरते, तापते, पण फिरत नाही. बाकीचे मिस्त्री टोकांवर रंगीत नळ्या चढवतात. या दोघांनी वेगळी रीत काढली होती. मिस्त्रीण प्रत्येक सुरुवातीच्या टोकावर पांढरा दोरा बांधायची. बोटाला गाठ लागली की सुरुवात, नाही लागली की शेवट. मग कधी गिऱ्हाईक समोर ठाण मांडून बसलंच तर मिस्त्री त्याच्याशी गप्पा मारत, मोटारीकडे न बघता जोड करून टाकायचा. बघणारा म्हणायचा, काय हात आहे!

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती घरी आली ती थेट कामालाच बसली. जळकी तार खाचेतून निघत नव्हती. पक्कडीत धरून, पाय मोटारीच्या कडेला रेटून ओढावं लागत होतं. तार एकदम सुटली की माणूस मागे पडायचा. ती दोनदा पडली. खोलीत वारा नव्हता आणि खिडकी उघडायची सोय नव्हती.

"फेरे मोज," मिस्त्री म्हणाला.

"मोजले. चिठ्ठीत दोन कमी लिहिलेत."

"अध्यक्षांना म्हटलं मी, बरोबर आहेत म्हणून."

"तुम्ही चिठ्ठी उलटी धरली होती."

तो मग हसायला लागला, आणि तिलाही हसू आलं. दोघं काळ्या हातांनी बराच वेळ हसत बसले. आठ वर्षांची मुलगी दारातून डोकावली. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती कधी एका जागी उभी राहिली नाही. ती तिसरीत, आईच्याच वर्गात होती. शाळेत तिला आईला बाई म्हणावं लागायचं, आणि त्याचा तिला भारी राग होता.

"बाई, भूक लागली," ती मुद्दाम म्हणाली.

बुधवारी खाचांत कागद घातले. गुरुवारी सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर गुंडाळ्या भरल्या. तार खाचेत एकेक करून सोडावी लागते. घाईने दाबली तर तिच्यावरचा पातळ लेप खरवडतो आणि मोटार पहिल्याच दिवशी जळते. ती वाकून बसली होती, घाम पापण्यांवरून मोटारीत पडू नये म्हणून डोक्याला फडकं बांधलेलं. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या होत्या. मिस्त्री समोर बसून गुंडाळी हातावर तोलून धरत होता आणि ती म्हणेल तेव्हा सैल सोडत होता.

"उद्या मी नसणार," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"जोड मी सकाळी करून जाते. तुम्ही फक्त बांधून घ्या आणि झाकण बसवा."

"मी करीन की जोड. गाठी आहेत ना?"

"मीच करते."

त्याने गुंडाळी जरा आधीच सोडली. तिने वर बघितलं. तो तिच्या कानाबाहेर बघत होता, म्हणजे तिच्याच तोंडाकडे.

"कायम झालीस तर," तो म्हणाला, "तर मग हे कोण करणार?"

हा प्रश्न तीन महिने घरात फिरत होता, पण तोंडातून पहिल्यांदाच निघाला. तिने चीप उचलली आणि खाचेवर सारली. "दुपारी तीनला सुटते शाळा. तीननंतर करीन."

"गिऱ्हाईक सकाळी येऊन समोर बसतं."

"मग काय करू? नको जाऊ?"

"तसं कुठं म्हटलं मी?"

त्याने तसं म्हटलं नव्हतं, खरंच नव्हतं. ती उठली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. टाकी आटल्यामुळे तांब्याही अर्धाच होता.

शुक्रवारी सकाळी ती पाच वाजता उठली. दोऱ्याच्या सहा गाठी बांधल्या. ब्लेडने टोकांवरचा लेप खरवडून जोड करायला बसली. चार गट झाले, दोन राहिले, आणि सव्वानऊला हेडसरांचा निरोप आला, साहेब पहिल्या गाडीने आलेत, ताबडतोब या.

ती ब्लेड हातात धरून तशीच बसली.

"जा," मिस्त्री म्हणाला. "दोनच तर गट आहेत."

"चार टोकं खरवडायची आहेत. दोन गाठी आहेत, एक तुमच्या डाव्या हाताला..."

"अगं जा! तू जन्माला यायच्या आधीपासून करतोय मी हे काम." रागाच्या भरात वर्षांचा हिशेब जरा वाढला, पण अर्थ कळला.

तिने हात घासले. नखांतलं काळं निघालं नाही. ती भिंगरीला ओढत निघाली.

वर्गात साहेब मागच्या बाकावर बसले होते. वयस्कर, बारीक, मांडीवर वही. बत्तीस मुलं चारचारच्या टोळक्यात. प्रत्येक टोळक्यापुढे एक लांब खिळा, विजेरीचा एक शेल, टाचण्या आणि तिने घरून आणलेली दोन हात तांब्याची तार. तार गेल्या तीन दिवसांत उरलेली होती.

"खिळा टाचण्यांना लावा," ती म्हणाली. "काय होतं?"

"काहीच नाही!"

"आता खिळ्यावर तार गुंडाळा. शेजारी शेजारी, एकावर एक चढू द्यायची नाही. तीस फेरे. मोठ्याने मोजा."

वर्गात बाजार भरला. कुणाचे तीस झाले, कुणाचे सतरावरून पुन्हा अकरा. मग तारेची टोकं शेलाच्या दोन बाजूंना धरली. टाचण्या ढिम्म हलल्या नाहीत. मुलं तिच्या तोंडाकडे बघायला लागली. साहेबही बघायला लागले.

ती याचीच वाट बघत होती. "तार कशी दिसते?"

"चकचकीत!"

"उघडी दिसते ना? पण उघडी नाहीये. तिने अंगभर पातळ झगा घातलाय. एवढा पातळ की दिसतच नाही. तो झगा नसता तर वीज शेजारच्या फेऱ्यात उडी मारून सरळ पळून गेली असती. झग्यामुळे तिला सगळे तीस फेरे चालावंच लागतं. पण आत शिरायचं आणि बाहेर पडायचं तर टोकाशी झगा काढायला हवा."

"बाई, वीज लाजते का?" पुढचे दात पडलेल्या मुलाने विचारलं. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

तिने एकेका टोळक्याजवळ जाऊन टोकं खरवडून दिली. पुन्हा शेल लावला आणि टाचण्या खिळ्याला झोंबल्या. जी आरडाओरड झाली ती शाळेबाहेर ऐकू गेली. शेल काढला की टाचण्या खाली, लावला की वर. दात पडलेल्या मुलाने हे वीस वेळा केलं आणि तार गरम लागली म्हणून फुंकर मारली.

"हे फक्त शेलावर करायचं. भिंतीतल्या भोकात तार घालायची नाही. ती वीज माणूस मारते. कोण घालेल?"

"कोणी नाही!"

मग तिने ताटलीत पाणी घेतलं, त्यावर बुचाची चकती आणि चकतीवर चुंबकाला घासलेली सुई ठेवली. खिळ्याचं डोकं जवळ नेलं. सुईचं टोक वळून त्याच्याकडे आलं. "आता शेलावरची तारेची टोकं मी उलटी करते. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. बाकी काही बदललं नाही." तिने पुन्हा खिळा जवळ नेला. सुईने पाठ फिरवली.

मुलं ताटलीवर वाकली. भिंगरीसुद्धा एका जागी उभी होती.

"काय झालं?"

"टोकं उलटी झाली की चुंबक उलटतो," भिंगरी हळूच म्हणाली.

"लिहा सगळ्यांनी," बाई म्हणाल्या. "मोटारीत असेच चुंबक गोल बसवलेले असतात. सगळे एकमेकांच्या मदतीला असले की मोटार फिरते. एक उलटा झाला की भांडण. म्हणून कोणतं टोक कुठलं, हे कधी विसरायचं नाही."

साहेब उठले. हेडसरांजवळ जाऊन, आवाज न लपवता म्हणाले, "या बाई मला हव्यात. कागद मी आजच करतो." तिने फळा पुसायला घेतला, कारण काहीतरी करायला हवं होतं. अकरा वर्षांत तिला कोणी हवी म्हटलं नव्हतं. लागतेस असं पुष्कळदा म्हटलं होतं.

तेवढ्यात दारात बादली उभा राहिला. धापा टाकत होता.

"वहिनी, मिस्त्रींनी बोलावलंय. मोटार बसली."

"बसली म्हणजे?"

"गुरगुरते नुसती. फिरत नाही."

मधल्या सुट्टीची घंटा झाली होती. पंपघर शाळेच्या कुंपणाला लागूनच. ती निघाली तशी मुलं निघाली, मुलांच्या मागे हेडसर, आणि साहेबही हसत निघाले. "चला, प्रत्यक्षच बघू!" ते म्हणाले.

पंपघरापुढे पाऊणशे घागरी रांगेत होत्या, आणि घागरींमागे बायका. मिस्त्री पायरीवर बसला होता, हात गुडघ्यांवर. अध्यक्ष त्याच्यापुढे उभे होते.

"तुमच्या हातची मोटार आजवर बसली नाही," अध्यक्ष म्हणत होते. "झालंय काय मिस्त्री? चिठ्ठी तर दिली होती मी. बघून घेतलीत ना?"

"घेतली."

"परवा रस्त्यात मी समोरून हात केला, तुम्ही बघितलं न बघितल्यासारखं केलंत. आमच्या घरात म्हणत होते, मिस्त्रींच्या डोळ्यांना काही..."

मिस्त्रीने मान वर केली. अध्यक्षांचं तोंड दिसावं म्हणून त्याने नजर पलीकडच्या एका घागरीवर लावली, आणि मान एका बाजूला कलंडली. सगळे ती मान बघत होते. घागरीवाल्या बाईने आपल्या घागरीकडे वळून बघितलं. तो सांगणार होता. तिला कळलं, तो आता सांगणार.

मला विचाराल तर तिने थांबायला हवं होतं. दोन श्वास थांबली असती तर त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं असतं आणि ती मोकळी झाली असती. पण ती कलंडलेली मान तिला बघवेना.

"माझी चूक आहे ती," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"जोड मी केले. सकाळी शाळेच्या घाईत. त्यांनी नको म्हटलं होतं, मीच हट्टाने बसले. एखादं टोक उलटं लागलं असणार."

"तुम्ही?" अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही हात लावता मोटारीला?"

"कधीतरी. मदत म्हणून."

मिस्त्रीने तोंड उघडलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. तोंड मिटलं.

तिने झाकण उघडलं. गुंडाळ्या पक्क्या करणारं वार्निश मारायला वेळ नव्हता, म्हणून वरून बांधलेले दोर लगेच सुटले. पाचव्या गटाची गाठ चुकीच्या टोकावर होती. टोक खरवडताना ती निसटली असणार आणि त्याने अंदाजाने पुन्हा बांधली असणार. दोन पेडांची घट्ट गाठ. तिची गाठ तशी नसायची.

"हे दोरे कशाला?" अध्यक्ष वाकून बघत होते.

"माझी सवय आहे," ती म्हणाली. मान खाली होती. "कुठलं टोक कुठलं ते विसरते मी. म्हणून बांधून ठेवते."

"विसरता?"

हा प्रश्न अध्यक्षांचा नव्हता, साहेबांचा होता. तिने वर बघितलं नाही.

"पण बाई," दात पडलेला मुलगा पुढे घुसला होता, "तुम्ही तर आत्ता सांगितलं, कधी विसरायचं नाही. तुम्ही नाही विसरणार!"

"विसरले बाळ."

"खोटं! तुम्हाला सगळं येतं!"

"नाही येत," ती म्हणाली. "चुकते मी. बाजूला हो, तार लागेल."

भिंगरी कुंपणाला टेकून उभी होती. तिने बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं. आठ वर्षांच्या मुलीला एवढं गप्प राहता येतं हे मला तेव्हा कळलं.

अर्ध्या तासात तिने टोक फिरवलं, जोड पिळला, नळी चढवली, बांधलं. बादलीने बटण दाबलं. मोटार एक झटका घेऊन सुरू झाली आणि पाण्याचा नळ खोकला. बायकांनी घागरी उचलल्या. मोटार इतकी छान चालत होती की तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

अध्यक्ष शाळेच्या समितीतही होते. ते साहेबांना बाजूला घेऊन बोलले, पण त्यांचा आवाज मुळातच पंपघरातला. "माणसं चांगली आहेत हो. पण गावाचं पाणी अडलं असतं आज. आणि या बाई आमच्या पोरांच्या हातात तारा देतात! उद्या काही झालं तर कोण उत्तर देणार?"

साहेबांनी ऐकून घेतलं. मग तिच्याजवळ आले. हातातली वही त्यांनी उघडली नव्हती.

"बाई, तासभरापूर्वी तुम्ही हेच शिकवत होतात."

"हो."

"मला पटत नाहीये हे."

ती हात पुसत राहिली. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग पायरीवरच्या मिस्त्रीकडे. मिस्त्री त्यांच्या बुटांशेजारच्या मातीकडे बघत होता. त्यांना काही समजलं असेल किंवा नसेल. त्यांना परतीची गाडी गाठायची होती.

पुढच्या मंगळवारी हेडसरांनी तिला ऑफिसात बोलावलं. ते तिच्याकडे न बघता कागदांची चळत सारखी करत होते. एक तारखेपासून दुसऱ्या बाई येणार होत्या. साहेबांच्या शेऱ्यात लिहिलं होतं: शिकवण्याची हातोटी उत्तम, विषयाची पक्की जाण नाही. तिने हजेरीपट, डस्टर आणि खडूंचा डबा टेबलावर ठेवला. हेडसरांनी खडू मोजून घेतले. तसा नियम होता, त्यात त्यांचा काही दोष नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती आतल्या खोलीत मोटारीपुढे बसली. अंगणात आता पाच मोटारी होत्या. गावच्या पाण्याची मोटार उत्तम चालली होती आणि मिस्त्रीचं नाव आणखी झालं होतं. बायकोची चूकसुद्धा निस्तरून घेतली म्हणे बसल्या जागी! मिस्त्री समोर गुंडाळी हातावर धरून होता. दार लावलेलं. बाहेर शेजारच्या गावचं एक गिऱ्हाईक आपल्या मोटारीवर बसून वाट बघत होतं, त्याचं खोकणं ऐकू येत होतं.

भिंगरी वही घेऊन आत आली आणि आईसमोर न बसता मधोमध उभी राहिली.

"नव्या बाई वही तपासणार आहेत," ती म्हणाली. "शुक्रवारचं खोडायचं का ठेवायचं?"

"काय लिहिलंयस?"

"टोकं उलटी झाली की चुंबक उलटतो. कोणतं टोक कुठलं हे विसरायचं नाही." ती थांबली. "तू सगळ्यांसमोर म्हणालीस, तू चुकतेस. मग हेपण चुकलेलं आहे का?"

मिस्त्रीण तार सोडत होती. खाचेत एक, मग दुसरी. तिचं बोट थांबलं. तिने नवऱ्याकडे बघितलं.

मिस्त्रीने गुंडाळी मांडीवर ठेवली. हात पुढे केला, वही चाचपून घेतली, आणि पानावरून अंगठा फिरवला. त्याला त्यावर काही दिसणार नव्हतं.

"हे बरोबर आहे," तो म्हणाला. "सगळं बरोबर आहे. तुझी आई चुकली नव्हती. मी चुकलो होतो."

"मग मोठ्याने सांगा ना," भिंगरी म्हणाली.

बाहेर गिऱ्हाईक खोकलं. मिस्त्रीने दाराकडे कान दिला. मग त्याने मुलीला जवळ ओढलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि तेच वाक्य पुन्हा, आणखी हळू सांगितलं.